धुमाल कोणाच्या दारात

देवीदासमामाला राजकारणातलं ओ की ठो कळत नाही. हे मी त्याच्या तोंडावर म्हणू शकतो, कारण त्याला ऐकूही कमीच येतं. सगळी उमर भिलाईच्या प्लांटमध्ये कोक ओव्हनवर, म्हणजे दगडी कोळसा भाजून कोक करायच्या भट्टीवर नोकरी, आणि शिफ्ट सुटली की धुमाल. ज्यांनी धुमाल पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. एका छोट्या टेम्पोवर चहूबाजूंनी लाउडस्पीकरचे चोंगे बांधायचे, मधे एकानं उभं राहून बेंजो छेडायचा आणि टेम्पोपुढे आठ-दहा पोरांनी ढोल-ताशे असे कुटायचे की रस्त्यालगतच्या घरांतली भांडी फळीवरून खाली यावीत. नागपूरकडची ही चीज दुर्ग-भिलाईत अशी रुजली की वरात, गणपती, बारसं, काहीच तिच्याशिवाय पुरं होत नाही. त्यात ज्याचे कान शाबूत राहतील त्याला मी वाकून नमस्कार करीन.

बेंजोवर जो उभा, तो मास्टर. वैशाली नगरात देवीदासचं घर विचाराल तर तीन गल्ल्या उगाच फिराल. मास्टरचं घर विचारा, गल्लीतलं कुत्रंसुद्धा दारापर्यंत आणून सोडेल. मामाचं बेंजोवेड किती, तर स्वतःच्या लग्नात तो घोड्यावरून खाली उतरला, बेंजोवाल्याला बाजूला सारलं आणि स्वतः वाजवत मांडवात आला. हिरामामीकडची माणसं हार घेऊन बराच वेळ नवरदेव शोधत होती. मामी म्हणते, तेव्हाच माझ्या बापानं परत फिरायला पाहिजे होतं.

आता मतमोजणीच्या दिवसाची रीत. त्या दिवशी धुमालवाला दोन्ही उमेदवारांकडून बयाना, म्हणजे विसार, घेतो. दोघांनाही हे ठाऊक असतं आणि दोघंही ठाऊक नसल्यासारखं वागतात. लोकशाही अशीच चालते. जो हरला त्याचा बयाना बुडाला, जो जिंकला त्याच्या दारात वाजवायचं. टेम्पो दोघांच्या घरांच्या मधल्या एखाद्या चौकात उभा करून ठेवायचा आणि नेमकी वेळ साधून एका बाजूला वळवायचा. उशीर केला तर दुसराच धुमाल दारात पोचलेला असतो. घाई केली तर काय होतं ते पुढे येईलच.

टेम्पो कधी वळवायचा हे मास्टर ठरवतो. मामाचं यातलं तत्त्व प्लांटमधून आलेलं. "कोक कच्चा असतानी ओव्हन खोलला तं नुसता धूर निघते," असं तो म्हणायचा. आजवर त्यानं एकदाही कच्चा ओव्हन खोलला नव्हता. याला तो अक्कल म्हणायचा, मी नशीब म्हणायचो, आणि नात्यात लहान असल्यानं मनातल्या मनात म्हणायचो.

या खेपेला विधानसभेची निवडणूक आली ती मामाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या पाठोपाठ. डॉक्टरांनी टेम्पोवर चढायला सक्त मनाई केली. त्यामुळे बेंजो पहिल्यांदाच रूपेशच्या, म्हणजे मामाच्या मुलाच्या, गळ्यात आला. रूपेश बरा वाजवतो. मामाच्या तोंडी 'बरा' ही शिवी आहे. त्यातच राजनांदगावचा एक डीजेवाला टेम्पोसकट सगळा सरंजाम विकत मागत होता. मामानं जेवताना जाहीर करून टाकलं की निकालाचा दिवस रूपेशनं नीट निभावला तर धुमाल त्याचा, नाही निभावला तर दुसऱ्या दिवशी राजनांदगाववाला येऊन घेऊन जाईल आणि रूपेशनं प्लांटमध्ये ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून लागावं. रूपेश खाली मान घालून जेवत राहिला. तो घरात फारसा बोलतच नाही. अर्धं मामाला ऐकू जात नाही आणि उरलेलं मामा ऐकत नाही.

रूपेशच्या जिवाचं काय होत असेल ते मला कळत होतं. शाळेपासून तो त्या टेम्पोमागे ताशा घेऊन पळत आला होता. त्याला दुसरं काही यायचं नाही आणि दुसरं काही नकोही होतं.

आदल्या दिवशी मामीचा फोन आला. मी दुर्गला मोहन नगरात राहतो, रेल्वेच्या पार्सल ऑफिसात आहे, आणि दुसऱ्या दिवशी मला सुट्टी होती.

"नरेश, सकाळीच ये बाबा," मामी म्हणाली. "तुह्या मामाच्या हाती फोन राहीन अन् डोळ्यासमोर टीव्ही. दोन्ही एका वक्ती सांभाळाले मले नाही जमत."

मी पोचलो तेव्हा मामा दिवाणावर पाय उशीवर टाकून बसला होता आणि रिमोट त्यानं मांडीखाली दाबून ठेवला होता. टीव्हीचा आवाज मामाच्या कानांच्या मापाचा, म्हणजे गल्लीच्या तोंडाशीच मला कोण आघाडीवर आहे ते कळलं होतं. मामीनं गरम चीला, म्हणजे इकडचं तांदळाचं धिरडं, आणि टमाटरची चटणी पुढे ठेवली. तिला इथे येऊन इतकी वर्षं झाली की आता तिच्या हातच्या भाकरीपेक्षा चीलाच चांगला होतो. हे तिला कोणी सांगू नये.

मोठ्या चॅनलांवर नुसता गोंधळ चालला होता. एका चॅनलवर सुटातला माणूस खोट्या विधानसभेत उभा राहून जमिनीतून खुर्च्या उगवून दाखवत होता. दुसऱ्यावर आठ माणसं आठ चौकटींत बसून एकाच वेळी ओरडत होती. ते चॅनल मामाला बरंच आवडलं, त्याला वाटलं ताल धरून ओरडतायत. एका चॅनलनं तर मशिनी उघडायच्या आधीच सरकार बनवून टाकलं होतं आणि आता मंत्री कोण यावर भांडण सुरू होतं.

पण आमच्या सीटचं नाव कोणी घेईना. त्यासाठी लोकल केबलवाल्याचं चॅनल लावावं लागलं. त्यावर मागच्या गल्लीतला शुभम बापाच्या लग्नातला कोट घालून माईक घेऊन उभा होता. त्याच्या पायाशी साड्यांच्या सेलची आणि मूळव्याधीच्या दवाखान्याची जाहिरात सरकत होती आणि अधूनमधून, जागा उरली तर, मतं.

आमच्या सीटवर लढत दोघांत होती, सुखराम आणि बाबुलाल. त्यांचे पक्ष मी सांगत नाही. दोघांनीही एकदा-एकदा बदललेले आहेत, हे लिहून होईपर्यंत पुन्हा बदलले तर पंचाईत. सुखराम याआधी दोनदा हरला होता, आणि तिसऱ्यांदा तिकीट मिळवताना त्यानं म्हणे हायकमांडच्या पायऱ्या झिजवल्या. बाबुलाल पहिल्यांदाच उभा होता आणि आतापासूनच हात असा हलवायचा जणू हेलिकॉप्टरातून उतरतोय.

सकाळपासून सुखराम पुढे होता. प्रत्येक राउंडला मामा फोन लावायचा.

"कुठं हायेस?"

"चौकात," रूपेश म्हणायचा. फोन स्पीकरवर असायचा, नाहीतर मामाला ऐकू कसं येणार.

"हलू नको."

"नाही हालत, बाबा."

दुपारपर्यंत हे असंच चाललं. मामा मधेच मला सांगायचा की टीव्हीवर उमेदवाराच्या घरासमोर मांडवात खुर्च्या किती आहेत ते पाहा, निकाल खुर्च्या सांगतात. मी पाहिलं, दोन्हीकडे खुर्च्या सारख्याच होत्या, कारण मांडववाला एकच होता. मामा म्हणाला, मग माणसं पाहा. माणसंही मला दोन्हीकडे तीच वाटली, पण तेवढ्यात चहा आला.

मग शुभम सुखरामच्या घरासमोर प्रकटला. मागे गुलाल उधळला जात होता, कोटाची एक बाही गुलाबी झाली होती, आणि शुभमच्या अंगात आलं होतं. "सुखराम भैया की जीत पक्की है, दर्शको, बस ऐलान बाकी है," असं तो ओरडला, आणि पडद्यावर सुखरामचा फोटो आला, गळ्यात झेंडूचा हार, खाली लाल अक्षरांत 'विजयी'.

मामा ताठ बसला. "लाव फोन."

मी फोन लावला.

"रूपेश, वळव गाडी. सुखरामच्या घरी."

"बाबा, अजून राउंड बाकी हायेत," रूपेश म्हणाला. "पटरीपारच्या बस्तीच्या मशिनी निघाच्या हायेत. तिकडं बाबुलालचा जोर हाय."

"टीव्हीवर फोटो आला ना बे. हार घातलेला."

"शुभमचं कावून ऐकता? त्याले मोजणीच्या हॉलात पाय ठेवू देत नाहीत. थोडकं थांबू ना."

"थांबशीन तं दुसरी पार्टी पोचते. मी सांगून राहिलो ना, वळव."

मी हळूच म्हणालो, "मामा, तो म्हणतोय तर थांबू." मामाला ऐकू गेलं नाही, किंवा गेलं.  मग रूपेश म्हणाला, "हो बाबा."

थोड्याच वेळात टेम्पो टीव्हीवर दिसला. मामानं मामीला स्वयंपाकघरातून ओढून आणवलं. गर्दी दुभंगली, चोंगे कडाडले, रूपेश वर उभा राहून बेंजोवर तुटून पडला आणि सुखरामला चार जणांनी खांद्यावर घेतलं. मामाचं एक बोट उशीवर चालत होतं. "बरा वाजवून राहिला," तो म्हणाला, आणि या वेळी ती शिवी नव्हती.

मी मात्र साड्यांच्या सेलमागून सरकणारे आकडे पाहत होतो. सुखरामची आघाडी अर्धी झाली. मग उरलीसुरलीही गेली. मग बाबुलालचं नाव वर आलं. खाली आकडे असे उलटत होते आणि वर सुखराम लोकांच्या खांद्यावर दोन्ही हात पसरून नाचत होता. ते पाहून मला हसू आवरेना, मग आवरलं, कारण त्या टेम्पोवर आमचा रूपेश होता.

शुभमनं एक बोट कानात घातलं. त्याचा चेहरा पडला. "दर्शको," तो म्हणाला, "थोड़ा सा फेरबदल हुआ है." पडद्यावर नवीन फोटो आला. केबलवाल्यानं हार तोच ठेवला होता, डोकं तेवढं बदललं होतं.

"हे का हाय बे?" मामानं विचारलं.

"बाबुलाल आला, मामा. शेवटच्या राउंडात."

मामाचा चेहरा सिमेंटसारखा झाला. त्यानं फोन लावला. उचलला गेला नाही. पुन्हा लावला. टीव्हीवर सुखरामला खाली उतरवण्यात आलं होतं, म्हणजे खांदे आपोआप निघून गेले होते. माणसं रुमालानं गुलाल पुसत होती. गुलाल काही पुसला जात नाही, पसरतो. एक जण मोबाईल कानाला लावून गल्लीच्या कडेकडेनं निघाला होता, कुठे ते सांगायला नको. मांडववाल्याची पोरं खुर्च्या एकात एक घालत होती, त्यांना दुसऱ्या घरी त्या लागणार होत्या. एका धिप्पाड माणसानं टेम्पोवर हात घालून रूपेशचा पाय धरला. "हमारी हँसी उड़ाने आया है?" हे माईकमधून स्पष्ट ऐकू आलं.

रूपेशनं हात वर केला. ढोल थांबले.

"फोडतीन त्याले," मामी म्हणाली आणि पदर तोंडात धरला.

"पळ बे," मामा टीव्हीला सांगत होता. "गाडी वळव. बाबुलालच्या घरी चाल, अजून वेळ हाय." टीव्ही काय करणार. मामानं फोन दिवाणावर आपटला. "झालं. निभावला दिवस यानं. उद्या बोलावतो राजनांदगाववाल्याले."

आता माझं डोकं फिरलं. मामाशी मी कधी वर आवाज केला नव्हता, पण त्याला ऐकू जायला वर आवाज करावाच लागतो, ती सोय झाली. "गाडी तुम्ही वळवायला लावली मामा. तो थांबा म्हणत होता. कच्चा ओव्हन तुम्ही खोलला, अन् धूर त्याच्या तोंडात गेला."

मामानं माझ्याकडे पाहिलं नाही. त्याला ऐकू आलं होतं. मामीनं तोंडातला पदर सोडून मान डोलावली, म्हणजे ती माझ्या बाजूनं होती.

तेवढ्यात कॅमेरा घराच्या दाराकडे वळला. दारातून सुखरामची आई बाहेर आली. मथुराबाई. मामी त्यांना ओळखत होती, उतई गावाकडच्या, फार थकलेल्या, डोळ्यांनी अंधुक दिसणाऱ्या. त्यांच्या हातात आरतीचं ताट होतं आणि दिवा पेटलेला होता. आतल्या खोलीत त्यांनी धुमाल ऐकला होता, आणि नंतरचं त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. आता सांगणार कोण. जो तो बाजूला सरकून वाट देऊ लागला. निवडणूकभर माईक न सोडणारी मोठमोठी कार्यकर्ते मंडळीही आपापल्या चपला पाहू लागली.

म्हातारी सुखरामसमोर येऊन उभी राहिली. त्याच्या अंगावरचा गुलाल तिनं हातानं चाचपला आणि हसली. मग टेम्पोकडे तोंड करून तिनं काहीतरी विचारलं. ऐकू आलं नाही, पण हात हलवला त्यावरून कळलं. थांबलं कशाला, वाजवा.

टेम्पोच्या ड्रायव्हरनं तोवर इंजिन सुरू केलं होतं, मागून धूर निघताना दिसत होता. रूपेशला काहीही करता आलं असतं. बाबुलालच्या घरी पोचायला वेळ होता, आणि त्या धिप्पाड माणसाचा हात अजून त्याच्या पायाजवळच होता. रूपेशनं म्हातारीकडे पाहिलं, मग सुखरामकडे. सुखरामनं नुसती मान खाली घातली. रूपेश वाकून ड्रायव्हरला काहीतरी म्हणाला. इंजिन बंद झालं.

आणि त्यानं बेंजो छेडला. जिंकल्याची चाल नाही. नवरदेव दारात आला की वाजवतात ती संथ चाल. एक ताशा हळूच आत आला, मग एक ढोल, मग सगळे, पण दबकत. मथुराबाईंनी लेकाला ओवाळलं, टेम्पोला ओवाळलं, शुभमलाही ओवाळलं, आणि मग ताट हातात घेऊनच त्या नाचू लागल्या. नाच कसला, एक पाऊल इकडे, एक तिकडे. सुखराम हसत होता की रडत होता ते गुलालामुळे कळेना. खुर्च्या उचलणाऱ्या पोरांनी खुर्च्या खाली ठेवल्या. ज्यानं पाय धरला होता तो धिप्पाड माणूस म्हातारीच्या बाजूला उभा राहून टाळ्या वाजवू लागला. शुभम दिवसभरात पहिल्यांदाच गप्प होता, आणि पत्रकारितेत त्याचं ते सगळ्यात चांगलं काम होतं.

"आवाज बंद कर," मामा म्हणाला.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. या घरात असं कोणी कधी म्हटलं नव्हतं. त्यानं मांडीखालचा रिमोट काढून माझ्याकडे टाकला. मी आवाज बंद केला. मामा पुढे वाकून पडद्याला नाक लावल्यासारखा रूपेशची बोटं पाहत होता.

"म्हातारीच्या पायावर वाजवून राहिला तो," तो म्हणाला. "पाह्य ना, ती थांबली का हा थांबते. ती उचलते तं हा उचलते." मग म्हणाला, "मले हे नाही जमलं कधी. मी वाजवला का लोकाईले माह्या हातावर नाचा लागे. जो मागं राहिला तो राहिला."

मामीनं पदरानं डोळे पुसले आणि चटणीची वाटी उचलायच्या निमित्तानं तिथेच बसून राहिली.  मामानं आयुष्यात कोणाच्या वाजवण्याबद्दल एवढं लांब वाक्य बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

फोन वाजला. मामानं झडप घातली, रूपेशचा असेल म्हणून. रूपेशचा नव्हता. बाबुलालच्या माणसाचा होता, बयाना देऊन गेलेला तोच.

मामीनं मामाचा दंड धरला. "अजी, आमदार झाला तो," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "पाच वर्षं तोच राहीन. परवानगी, आवाजाचा कागद, समदं त्याच्या हाती. गाडी निघाली म्हना. धुमालवाले असंच तं म्हनतात."

खरंच असंच म्हणतात. टेम्पो गॅरेजात उघडा पडलेला असला तरी म्हणतात. मामानं स्वतः हजारदा म्हटलं असेल. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

"मास्टरजी, धुमाल किधर है?" तिकडून आवाज आला, मागे फटाके. "भैया जीप पे खड़े हैं. आधा भिलाई खड़ा है."

"मास्टर घर में नहीं है," मामा म्हणाला.

मामीनं कपाळावर हात मारला.

"तो किधर है?"

"सुखराम भैया के इधर बजा रहा है. उसका बजाना होगा तो आएगा. नहीं हुआ तो नहीं आएगा. वो जाने."

 मग तो माणूस जरा चढ्या आवाजात म्हणाला, "मैं मास्टर से ही बात कर रहा हूँ ना? आप कौन बोल रहे हैं?"

मामाची नजर टीव्हीवरून हलली नाही. "मैं मास्टर का बाप बोल रहा हूँ," तो म्हणाला.